अफीफाचे वकील

सत्तार वकिलांकडे सतरा शब्द उरले होते. चार माणसांची नावं, बारा साधे शब्द आणि एक शिवी. क्षितिजाने ते दोन वेगवेगळ्या दिवशी मोजले आणि दोन्ही वेळा आकडा तोच आला, तेव्हाच तो पक्का धरला. नावं खदीजा, इम्रान, अफीफा आणि पंढरी अशी होती. शब्दांत चाय, पानी, चला, बस, सलाम असं रोजच्या गरजेचं होतं. 'तारीख' हा शब्द मात्र ज्या वस्तूचं नाव सुचेना तिला लागायचा. चष्मा तारीख, उशी तारीख, टीव्हीचा रिमोटही तारीखच. आणि एक 'हाँ' होता. तो लिहिताना क्षितिजाचं पेन जरा थांबलं. हवं असलं तरी सत्तार वकील हाँ म्हणत आणि नको असलं तरी हाँच. चहा नको म्हणून कप हाताने दूर सारत, आणि तोंडातून हाँ.

शिवी अस्खलित होती. ती बहुतेक वेळा पंढरीसाठी राखीव असायची.

चाळीस वर्षं भिवंडीच्या कोर्टात उभा राहिलेला हा माणूस. गेल्या मे महिन्यात मेंदूच्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी तुंबली. पाय महिन्याभरात सावरला, काठी घेऊन ते चालू लागले. उजवा हात अर्धाच आला. वाचा तेवढी आली नाही. समोरच्याचं बोलणं त्यांना जवळजवळ सगळं कळायचं, पेपर वाचून दाखवला तर चुकीच्या बातमीला कपाळाला आठी पडायची. फक्त बाहेर येणारी वाट बंद होती. क्षितिजा अंजूरची, चोवीस वर्षांची. वाचाउपचारांची पदवी घेऊन नुकतीच एका दवाखान्यात लागली होती. तिथूनच आठवड्यातले चार दिवस तिला नारपोलीला, सत्तार वकिलांच्या घरी पाठवायचं ठरलं.

तिसऱ्या भेटीला ती लवकर पोचली. बाहेरच्या खोलीत बसली असताना आतून एका पुरुषाचा आवाज आला. स्वच्छ, सलग, एकाही अक्षराला ठेच न लागलेला.

"पाहुणे आलेत का?" तिने खदीजाला विचारलं. खदीजा म्हणजे वकिलांची मुलगी. नवरा आखातात गेल्यापासून ती वडिलांकडेच राहायची. नवरा परत आला तरी ते बिऱ्हाड तिथेच राहिलं.

"पाहुणे कुठले? अब्बा आहेत. नमाज झाली, दुआ मागतायत."

क्षितिजा भिंतीजवळ सरकली. पुस्तकात तिने हे वाचलं होतं. आयुष्यभर पाठ असलेलं बोलणं, मोजणी, प्रार्थना, शिव्या, मेंदूत वेगळ्या वाटेने येतात. बोलण्याचा हमरस्ता उखडला तरी ती पाऊलवाट कधी कधी शाबूत राहते. पण वाचणं वेगळं आणि भिंतीपलीकडे एका मुक्या माणसाला घडाघडा बोलताना ऐकणं वेगळं. ती कान देऊन ऐकत राहिली. अरबी तिला येत नव्हतं. तरी त्या ओघात एक शब्द तिला लख्ख ओळखू आला.

सत्तार वकील बाहेर येऊन बसले, तेव्हा तिने भिंतीवरची तसबीर काढून त्यांच्यापुढे धरली. काळा कोट, पांढरी पट्टी, काळ्याभोर मिशा.

"हे कोण?"

ते बोट ठेवून बघत राहिले. ओठ जुळले, सुटले. "ता… तारीख."

"काय करायचे हे?"

"तारीख." मग स्वतःवरच चिडून त्यांनी ती शिवी दिली.

"नाना, आत्ता दुआत तुम्ही वकील म्हणालात ना?"

"हाँ," ते म्हणाले. ते हो होतं की नाही, हे तिला कळलं नाही.

पंढरी कोपऱ्यात बसून हे बघत होता. तीस वर्षं तो वकिलांचा कारकून होता, आणि कोर्टातलं काम संपलं तरी रोज दहा वाजता नेमाने हजर व्हायचा. "दुआत वकील?" तो म्हणाला. "देवाकडेपण केस टाकली काय साहेबांनी?"

"तुम्ही गप बसा पंढरीभाऊ," खदीजा हसली. "अल्लाचं नाव आहे ते. नव्याण्णव नावांतलं एक. ज्याच्यावर आपलं सगळं सोपवावं आणि निर्धास्त व्हावं, तो वकील."

"बघा," पंढरी क्षितिजाला म्हणाला, "इतकी वर्षं त्या नावाच्या माणसाची बॅग उचलली आणि मला कोणी सांगितलं नाही. नाहीतर मी एव्हाना पुण्यवान झालो असतो."

सत्तार वकिलांनी पंढरीला त्याचा वाटा दिला, अस्खलित.

क्षितिजा घरी जाताना रिक्षात त्या एका शब्दाचाच विचार करत होती. तो शब्द त्या माणसाच्या डोक्यात होता. जिवंत होता, दिवसातून पाच वेळा बाहेर येत होता. पण त्याला स्वतःला हवा असताना हाताला लागत नव्हता. घरात दागिना आहे, रोज घुंगरू वाजतंय आणि कपाट सापडत नाही, तसं.

ओट्यावर आक्का, वडिलांची थोरली बहीण, वाल सोलत बसली होती. क्षितिजाने चप्पल काढता काढता विचारलं, "आक्का, वकील म्हंजे काय गो?"

"तू शिकलेली, आन मना इचारतं?" आक्का म्हणाली. "आपल्याला बोलाला येत न्हाय, तवा दुसऱ्याचा तोंड भाड्यान घेवाचा. तो वकील. दुसरा काय हाय?"

*

अफीफाचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. अफीफा खदीजाची मुलगी. बी. फार्म. झालेली, औषधांच्या गोदामात नोकरीला, आणि घरात सगळ्यांत जोरात बोलणारी. क्षितिजाला ती पहिल्याच आठवड्यात 'अगं' म्हणायला लागली होती.

एका दुपारी ती कामावरून आली आणि बॅग ठेवायच्या आधीच म्हणाली, "क्षितिजा, नाना डिसेंबरपर्यंत एक वाक्य बोलतील का गं? एकच."

"कसलं वाक्य?"

अफीफाने सांगितलं ते असं. निकाहला नवरी मजलिशीत बसत नाही. नवरा, काझी, पुरुषमंडळी बाहेर, ती आत. तेव्हा तिच्यासाठी एक वकील नेमतात, घरातला कोणी मोठा माणूस. तो दोन साक्षीदार घेऊन तिच्याकडे जातो, अमक्याशी अमक्या मेहेरवर, म्हणजे नवऱ्याने नवरीला द्यायच्या रकमेवर, तुझा निकाह लावायचा, तुझी इजाजत, परवानगी आहे का म्हणून विचारतो. ती जे सांगेल ते घेऊन तो मजलिशीत परत येतो आणि सगळ्यांसमोर बोलतो. त्याने सांगितल्याशिवाय काझी पुढचं अक्षर उच्चारत नाही.

"मी चौथीत होते तेव्हा नानांनी कबूल केलं होतं, तुझा वकील मीच. फी म्हणून मी त्यांचे पाय चेपायचे. मी चेपलेत, खूप वर्षं. आता त्यांनी बोलायला पाहिजे."

दारात इम्रान उभा होता, खदीजाचा भाऊ. स्वभावाने भला, पण घाईचा. त्याचा चार लूमचा, कापड विणायच्या यंत्रमागांचा, कारखाना मागच्या अंगणालाच लागून होता, त्याचा खडखडाट घरात दिवसभर यायचा. "अफी, जिद्द करू नकोस," तो म्हणाला. "दीडशे माणसं असणार. अब्बा अडकले तर? लोक काय म्हणतील हा प्रश्न नाही, अब्बांना काय वाटेल? मी होतो वकील. अब्बांना खुर्चीत पुढे बसवू."

सत्तार वकिलांनी डाव्या हाताने काठी फरशीवर आपटली. "हाँ!"

"बघा, हो म्हणाले," इम्रान म्हणाला.

"ते नाही म्हणाले, मामू," अफीफा म्हणाली.

म्हातारा दोघांकडे बघत होता. डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता. आपल्या एका शब्दाचे दोघे दोन अर्थ लावतायत आणि आपण कोणालाच खोडून काढू शकत नाही, हा संताप. क्षितिजाने त्यांच्यासमोर बसून विचारलं, "नाना, वकील व्हायचंय? व्हायचं असेल तर माझा हात धरा."

त्यांनी तिचा हात असा धरला की बोटं दुखली.

*

काझी साहेबांकडे क्षितिजा गेली ती नेमके शब्द विचारायला. सराव कशाचा करायचा ते आधी ठरलं पाहिजे, असा तिचा हिशेब होता. ते मशिदीला लागूनच्या खोलीत मुलांना अरबी शिकवायचे. तिला बसायला खुर्ची देऊन स्वतः चटईवर बसले.

"तीन अक्षरं आहेत, बेटा," ते म्हणाले आणि फळ्यावर तीन अक्षरं काढली. "वाव, काफ, लाम. याचा अर्थ सोपवणे. माझं काम मी तुझ्या हवाली केलं, आणि भरवसा ठेवून केलं. यातूनच तवक्कुल, म्हणजे सगळं खुदावर सोडणं. यातूनच वकालत. आणि यातूनच वकील. ज्याच्या हवाली केलं तो."

"म्हणजे कायदा त्यात नाहीच?"

"कायदा फार मागाहून आला. आधी फक्त भरवसा होता."

क्षितिजाला शाळेतला इतिहास आठवला. मराठ्यांचे वकील दिल्लीला असायचे, हैदराबादला असायचे. तेव्हा तिला वाटायचं, इतके खटले कसले चालायचे तिथे? आता लक्षात आलं, ते कोणी कोर्टातले नव्हतेच. शेकडो कोसांवरच्या माणसाचा शब्द घेऊन दुसऱ्याच्या दरबारात उभे राहणारे होते. पुण्याहून निघालेला शब्द, वाटेत नद्या, पाऊस, आजारपण, आणि पलीकडे पोचल्यावरही तो तोच असला पाहिजे.

"आणि ज्याच्या वतीने बोलायचं तो?" तिने विचारलं.

"तुमच्या मराठीत त्याला काय म्हणता?"

"अशील."

काझी साहेबांचे डोळे चमकले. "तोही आमच्याकडूनच आलाय. असील. अस्सल म्हणता ना, त्याच घरातला. असील म्हणजे मूळ, खरा. म्हणजे बघ, खरा माणूस तो. वकील त्याची फक्त जीभ."

प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी क्षितिजाला शिकवलं होतं की उपकरणाने स्वतःचं काही मिसळायचं नसतं, नमुन्यात जे आहे तेवढंच दाखवायचं. कुठल्या तरी वाळवंटातल्या लोकांनी हीच गोष्ट माणसाबद्दल ठरवली होती, तिला तीन अक्षरांचं नाव दिलं होतं. आणि ते नाव समुद्र ओलांडून, दरबार ओलांडून, भिवंडीच्या कोर्टाबाहेरच्या पाट्यांवर येऊन बसलं होतं. आणि आक्काने ते वाल सोलता सोलता सांगितलं होतं.

*

वाक्य चार शब्दांचं ठरलं. 'अफीफाने इजाजत दी है.'

पाऊलवाट उघडी आहे ना, मग वाक्य तिकडूनच न्यायचं, असं क्षितिजाने ठरवलं. अशा रुग्णांना बोलण्याआधी सूर आणि ठेका देतात, डाव्या हाताने ताल धरायला लावतात. ठेका शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. मागे इम्रानचे लूम होतेच. खट-खटाक, खट-खटाक. तिने नानांचा डावा हात मांडीवर ठेवला, प्रत्येक खटक्याला एक अक्षर बांधलं आणि दोघं मिळून गुणगुणू लागली. पहिले दोन आठवडे नुसता सूर आला. तिसऱ्या आठवड्यात सुरावर 'अफीफा' बसला. मग 'दी है'. मधला 'इजाजत' फार दिवस रुसला होता. एके दिवशी तोही आला, आणि वाक्य पुरं झालं तसा मागे लूम चालवणारा कारागीरही हात थांबवून खिडकीशी आला.

नोव्हेंबरच्या मध्यावर ते वाक्य ठेक्याशिवायही यायला लागलं. लूम बंद असलेल्या शुक्रवारीसुद्धा आलं. खदीजाने शेवया केल्या. पंढरी म्हणाला, "चाळीस वर्षं साहेबांनी समोरच्या वकिलाला बोलू दिलं नाही. आता चार शब्दांना शेवया मिळतात."

त्याच दिवशी रंगीत तालीम झाली. आतल्या खोलीत पलंगावर अफीफा ओढणी ओढून नवरी होऊन बसली. बाहेर इम्रान, पंढरी आणि अफीफाचे वडील मजलिस होऊन बसले. क्षितिजा दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर, दोन्हीकडचं दिसावं म्हणून.

सत्तार वकील काठी टेकत आत गेले. प्रश्न विचारायला त्यांच्याजवळ एकच शब्द होता, तो त्यांनी विचारला. "अफीफा… इजाजत?"

अफीफाच्या अंगात मस्करी होती. "नाही, नाना," ती म्हणाली. "मला नाही करायचं. मुलगा घोरतो म्हणे."

खदीजा आणि क्षितिजा फिसकन हसल्या. नानांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं, त्यांच्याही मिशीत हसू होतं. वळले, काठी टेकत बाहेर आले, मजलिशीसमोर ताठ उभे राहिले आणि खणखणीत बोलले, "अफीफाने इजाजत दी है."

इम्रानने टाळ्या वाजवल्या. अफीफा आतून पळत आली. "अहो मी नाही म्हटलं ना! नाही म्हटलं!"

सगळं घर हसत होतं. नाना हसत नव्हते. त्यांनी अफीफाकडे पाहिलं, मान जोराने आडवी हलवली आणि तोंड उघडलं. "अफीफाने इजाजत दी है." पुन्हा मान हलवली. हात उंचावून जणू ते वाक्य हवेतून परत ओढू बघत होते. "अफीफाने इजाजत दी है." तिसऱ्यांदा त्यांनी डावा तळवा स्वतःच्या तोंडावर दाबून धरला.

हसू एकेका चेहऱ्यावरून उतरत गेलं.

आपण काय केलंय ते क्षितिजाला त्या क्षणी लख्ख दिसलं. तिने त्यांना बोलणं दिलं नव्हतं. तिने एक होकार बसवून दिला होता, कळ दाबली की वाजणारा. आत मुलगी काहीही म्हणो, बाहेर तो होकारच येणार होता. तीन अक्षरांचा अर्थ तिला काझी साहेबांनी फळ्यावर लिहून दाखवला होता आणि तरी तिने फक्त तोंडाची तालीम घेतली होती.

"साहेबांनी अशिलाला विचारल्याशिवाय कधी तडजोड केली नाही," पंढरी हलकेच म्हणाला. या वेळी त्याने मस्करी केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा नानांनी तिला बघून 'बस' म्हटलं. ते बसायला सांगणं नव्हतं. हात छातीशी घेऊन त्यांनी तो इम्रानच्या दिशेने वळवला. वकिली सोडली होती त्यांनी.

"झालं तर मग," इम्रान म्हणाला, पण त्याच्याही आवाजात जोर नव्हता.

अफीफा भिंतीला टेकून उभी होती. नेहमीसारखी जोरात नाही बोलली. "मी मस्करी केली म्हणून?"

क्षितिजा तशीच काझी साहेबांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "वकिलासोबत दोन साक्षीदार कशाला पाठवतात, विचार केलास?" ते म्हणाले. "वकील कितीही थोर असो, माणसाचीच जीभ आहे. घसरते. ज्यांनी ही रीत घातली त्यांनी भरवसा ठेवला, पण डोळे मिटून नाही ठेवला. जा, सांग सत्तारभाईंना. चुकायची सोय आधीपासून केलेली आहे."

तिने ते जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे स्वतःचं जोडलं. "नाना, चूक माझी आहे. मी तुम्हाला एकच उत्तर शिकवलं. आता आधी 'नहीं' शिकू. ते आलं नाही तर मीच म्हणेन, इम्रानमामूंना वकील करा."

त्यांनी काठी उचलली. "चला."

*

नवा सराव तिने अगदी उलटा बांधला. ठेका बंद, सूर बंद, पाठ केलेलं काहीही बंद. अफीफाने आत बसून नाणं उडवायचं. छापा आला तर हाँ सांगायचं, काटा आला तर नहीं. नानांनी ते ऐकून बाहेर पंढरीला सांगायचं. वीस वेळा. पंढरीने काय ऐकलं ते लिहायचं, अफीफाने काय सांगितलं ते लिहायचं, आणि शेवटी क्षितिजाने दोन्ही पडताळायचं.

पहिल्या दिवशी वीसपैकी अकरा बरोबर आले. नानांऐवजी आणखी एक नाणं बाहेर पाठवलं असतं तरी दहाच्या आसपास आलेच असते. दुसऱ्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशी दहा. पंढरीने कागद बाजूला ठेवून सुस्कारा सोडला.

चौथ्या दिवशी, सातव्या फेरीला, अफीफाने आत नहीं सांगितलं. नाना निघाले आणि उंबऱ्यावर थांबले. एरवी ते थांबत नसत, 'हाँ' त्यांच्याआधी बाहेर पोचलेला असायचा. आज त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. 'हाँ' आत धडका देत होता आणि ते त्याला येऊ देत नव्हते. मानेची शीर फुगली. कपाळावर घाम आला. मागे लूम वाजत होते, पण त्यांची बोटं ठेका धरत नव्हती.

"न…" ते म्हणाले. मग श्वास. मग, "नहीं."

पंढरी उभा राहिला. न्यायाधीश आत आल्यावर कोर्ट उभं राहतं तसा, नकळत. उभा राहिल्यावर त्याचं त्यालाच कळेना आता करायचं काय, म्हणून त्याने नमस्कार केला.

मोडलेल्या मेंदूत कुठल्याशा पेशी एकमेकींना चाचपडत सापडल्या होत्या, आणि त्या कशासाठी सापडल्या होत्या, तर एका मुलीचा नकार दोन खोल्या ओलांडून नेण्यासाठी. भाषा नावाची वस्तू माणसाने कशासाठी घडवली असेल, याचं उत्तर क्षितिजाला कुठल्याच वर्गात इतकं स्वच्छ मिळालं नव्हतं. हो म्हणायला भाषा लागत नाही. मान हलली तरी भागतं, गप्प राहिलं तरी भागतं. नाही मात्र उच्चारावं लागतं.

त्यानंतर आकडे चढले. चौदा. सतरा. लग्नाच्या चार दिवस आधी एकोणीस.

*

निकाह शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर होता. वरात राबोडीहून येणार होती आणि कशेळीला ट्रकांच्या रांगेत अडकली होती. इम्रान दर पाच मिनिटांनी फोनवर "आता कुठे पोचलात?" विचारत होता. आक्काने नेसवलेली साडी सावरत क्षितिजा हॉलच्या मधल्या दारात उभी होती. इकडे बायका, तिकडे मजलिस. अफीफाच्या परवानगीने तिने फोनवर आवाज टिपायला लावला होता.

शेवटी नवरा आला, बसला. काझी साहेबांनी मान वळवून सत्तार वकिलांकडे पाहिलं.

त्यांनी काळा कोट घातला होता. उठले. मागे साक्षीदार म्हणून इम्रान आणि अफीफाचे काका. बायकांनी वाट दिली. अफीफा खाली मान घालून बसली होती, ओढणी नाकापर्यंत. साक्षीदारांनी नवऱ्याचं नाव, मेहेर सांगितली. मग नाना तिच्यासमोर वाकले.

"अफीफा… इजाजत?"

अफीफा काही बोलली नाही.

घरात सगळ्यांत जोरात बोलणारी ती मुलगी. तिचे खांदे हलत होते. ओढणीवर एक थेंब पडला, मग दुसरा. आवाज फुटत नव्हता.

"रडतेय बिचारी," कोणी तरी कुजबुजलं. एक म्हातारी काकी समजुतीने म्हणाली, "कुंवारी लडकी की खामोशी मतलब हाँ. जुनी रीत आहे. जा सत्तारभाई, सांगा बाहेर."

"अब्बा, चला," इम्रान हळूच म्हणाला. "सगळे थांबलेत."

नाण्याला दोनच बाजू होत्या. हाँ आणि नहीं क्षितिजाने शेकड्यांनी घोटून घेतलं होतं. गप्प बसलेल्या नवरीचं काय करायचं, हे तिने एकदाही शिकवलं नव्हतं. आता त्यांच्या तोंडात काय येईल? जे सर्वांत सोपं तेच. 'हाँ' तर कधीपासून ओठांवर टपून बसलेला असणार. आणि कोणी चूकही म्हणणार नव्हतं.

नाना हलले नाहीत. काठी दोन्ही हातांत धरून, अर्धा येणारा उजवा हातही मुठीवर ठेवून, ते उभे राहिले. बायकांची कुजबुज थांबली. पलीकडे मजलिशीतही शांतता पसरली. शुक्रवार असल्याने आसपासचे लूमही बंद होते. एवढ्या माणसांत कोणाचाच आवाज नव्हता, आणि एक माणूस, ज्याच्याजवळ जेमतेम शब्द होते, दुसऱ्याच्या शब्दाची वाट बघत होता. न मिळालेला शब्द तो नेणार नव्हता. क्षितिजाला वाटलं, वाळवंटापासून इथवर आलेला तो भरवसा आपल्याला आज उभा राहिलेला दिसतोय, काळ्या कोटात.

ते पुन्हा वाकले. डाव्या हाताने नातीची ओढणी बोटभर वर केली.

"अफीफा."

अफीफाने मान वर केली. नाक ओढलं. "हो, नाना," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण दोन्ही साक्षीदारांना ऐकू गेला. "हो."

ते वळले. बायकांनी पुन्हा वाट दिली. दारात क्षितिजाजवळून जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मजलिशीसमोर जाऊन उभे राहिले. काझी साहेब, नवरा, पंढरी, दीडशे माणसं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"मी… विचारलं," सत्तार वकील म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "ती… हो… म्हणाली."

काझी साहेबांनी साक्षीदारांकडे पाहिलं. दोघांनी मान डोलावली. काझी साहेबांनी निकाहचा खुतबा, लग्नाचं अरबी प्रवचन, सुरू केला.

क्षितिजाने फोन कानाशी लावून ते तीनदा ऐकलं आणि लिहून घेतलं. वाक्यं दोन. शब्द पाच. सरावातले शब्द शून्य.